ठाण्यापर्यंत ठसठशीत

नवा विणलेला स्वेटर हातात पडला की माणसं काय करतात? गालाला लावून मऊ आहे का बघतात, अंगाला लावून मापाचा अंदाज घेतात, अगदीच काही सुचलं नाही तर 'अय्या, तू विणलास?' एवढं तरी म्हणतात. माझी मावशी यातलं काहीएक करत नाही. ती कपाळावरचा चष्मा नाकावर घेते, स्वेटरच्या पोटात हात घालते आणि उशीचा अभ्रा उलटावा तसा तो उलटा करते. मग खिडकीपाशी जाते. पुढची दोन मिनिटं घरात कुणी बोलत नाही. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बसलेल्या नातेवाइकांसारखे आम्ही तिच्या पाठीकडे बघत राहतो.

मावशी ८३ वर्षांची आहे. सदाशिव पेठेत राहते. पूर्वी घरात कुणाचं लग्न ठरत असलं की स्थळ बघायला तिला आवर्जून नेत. ती दिवाणखान्यात टेकायचीच नाही. 'हात धुवायचे होते' म्हणून सरळ मोरीत जायची. दोन स्थळं तिने नुसत्या मोरीवरून मोडली, आणि पुढे त्या दोन्ही घरांबद्दल जे कानावर आलं, त्यावरून मोरी खोटं बोलत नाही हे आमच्याकडे सर्वमान्य झालं.

एकरंगी विणकामाला मोरी नसते. पांढरी लोकर घ्या, दहा नंबरच्या सुया घ्या, एक सुलट एक उलट विणत बसा. मागून पुढून सगळा उजेडच. भानगड सुरू होते ती दुसरा रंग आणला की. एका ओळीत लाल आणि मोतिया असे दोन रंग असले, तर दोन टाके लाल विणताना मोतिया कुठे जातो? तो मागून चालतो. घरी पाहुणे आले की एक जाऊ बाहेर बसून गप्पा मारते आणि दुसरी आत पोहे परतते, तसं. मग ही आत जाते, ती बाहेर येते. पाहुण्यांना वाटतं, काय छान एकत्र कुटुंब आहे! आतली ओढाताण फक्त आतल्यांना माहीत. मागचा धागा जरा ताणून घेतला की पुढचं विणकाम रुसल्यासारखं गोळा होतं. सैल सोडला की मागे लोंबते वळसे. आणि पाचाहून जास्त टाके त्याला मागेच ठेवायचं असेल, तर मध्ये एकदा पुढच्या धाग्याखाली अडकवून घ्यायचं. थोडक्यात, आतल्या जावेला दर पाच मिनिटांनी 'झालं का गं?' असं विचारायचं.

हे सगळं मला तोंडपाठ आहे. हातपाठ नाही, हीच अडचण.

यंदा नागपूरच्या भाचीला, म्हणजे वन्संच्या लेकीला, मे महिन्यात मुलगी झाली. नागपूरला मे महिन्यात लोक घराबाहेर पडताना कांदा खिशात ठेवतात. तरी बाळंतविड्यात लोकरीचा स्वेटर हवाच. झबली, टोपडी, कुंची, दुपटी आणि स्वेटर. यातलं एक कमी पडलं तर वन्सं बोलणार नाहीत, पण पुढची दहा वर्षं विसरणारही नाहीत. मी म्हटलं, थंडीपर्यंत बाळ सहा-सात महिन्यांचं होईल, तेव्हाच्या मापाने विणते. आणि या खेपेला साधा नाही, चांगला दोनरंगी नक्षीचा फेअर आइल विणते.

हा शब्द मी मोठ्याने उच्चारायला नको होता.

लोकर आणायला गेले तर दुकानदाराने काउंटरवर चाळीस गुंडे ओतले. मराठी बाईला रंग दाखवणं हे धोक्याचं काम आहे. आम्हाला हिरवा नावाचा रंग माहीतच नाही. पोपटी, शेवाळी, मेंदी, मोरपंखी, बॉटल ग्रीन आणि रामा ग्रीन माहीत आहेत. प्रभू रामचंद्रांचा त्या हिरव्याशी काय संबंध, हे कुणी सांगू शकत नाही. पण साडीच्या दुकानात 'रामा दाखवा' म्हटलं की तो नेमका तोच काढतो. मी चिंतामणी मागितला. तो नव्हता. डाळिंबी होता, पण तो मला विटकरीकडे झुकल्यासारखा वाटला. शेवटी पोपटी आणि अबोली असे दोन घेऊन आले. शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्यांत भरतील असे! पोपटाची चोच आणि पोपट म्हणा ना.

घरी आल्यावर ह्यांनी गुंडे बघितले. पुरुषांना रंगातलं कळत नाही म्हणतात. ते सुख माझ्या नशिबी नाही. आमचे हे छपाईच्या धंद्यात चौतीस वर्षं होते. भाजीवाल्याच्या टोमॅटोत मॅजेंटा कमी आहे म्हणून परत फिरणारा माणूस. त्यांनी दोन्ही गुंडे खिडकीत ठेवले, मोबाइलने फोटो काढला, तो कृष्णधवल केला आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. फोटोत दोन राखाडी गोळे होते. सख्खे भाऊ. कुठला पोपटी आणि कुठला अबोली, मलाच सांगता येईना.

"रंग वेगळे आहेत गं," हे म्हणाले, "पण उजेड सारखाच आहे. दोन फुटांवरून तुझं डिझाइन दिसणार नाही. पुरळ आल्यासारखं दिसेल."

लहान बाळाच्या अंगावर पुरळ! मी दुसऱ्या दिवशी गुंडे बदलून आणले. पण खरं सांगते, माणूस बरोबर होता. दोनरंगी विणकामात रंग कुठला यापेक्षा एक गडद आणि एक फिका आहे ना, हे आधी बघायचं. लाल आणि हिरवा एकमेकांशी कितीही भांडोत, दोघांचा गडदपणा सारखा असला की नक्षी त्यांच्या भांडणात बुडून जाते. शेवटी डाळिंबी आणि मोतिया ठरले. फोटोत एक कोळसा, एक राख. ह्यांनी मान डोलावली. चौतीस वर्षांत त्यांनी इतक्या गंभीरपणे माझ्या कशालाच मंजुरी दिली नव्हती.

आता ज्याच्या नावाने ही नक्षी चालते, ते फेअर आइल म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्यामध्ये समुद्रात पडलेलं जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं बेट. आज तिथे शंभर माणसंही राहत नाहीत. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला यापेक्षा जास्त येतात, निदान चहाच्या वेळेला तरी. तिथल्या बायका वारा, पाऊस आणि मेंढ्या सांभाळून हे विणत बसल्या. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं एक जहाज या बेटावर फुटलं, तेव्हा नक्षी त्या खलाशांनी शिकवली अशी एक दंतकथा आहे. अभ्यासक ती मानत नाहीत. मीही मानत नाही. जहाज फुटून काठावर आलेला, उपाशी, गारठलेला पुरुष बायकांना विणकाम शिकवील? तो आधी 'जेवायला काय आहे' विचारील.

फेअर आइल जगभर पोचलं ते मात्र एका पुरुषामुळेच. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचे आठवे एडवर्ड, सेंट अँड्र्यूजच्या नामांकित गोल्फ क्लबचे कप्तान झाले आणि फेअर आइलचा स्वेटर घालून खेळायला उतरले. झालं. प्रत्येकाला तोच स्वेटर हवा. गंमत अशी की हेच युवराज त्याच्या आदल्या वर्षी, १७ नोव्हेंबर १९२१ ला मुंबईत उतरले होते. त्या दिवशी गांधीजींनी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात विलायती कापडाची होळी केली. शहरात दंगल उसळली. आमच्याकडे कपडे जळत असताना येऊन गेलेल्या माणसाने तिकडे जाऊन एका कपड्याचं नशीब काढावं, याला काय म्हणावं!

त्या बेटावरच्या आणि शेटलंडच्या बायकांची एक सोय होती. त्यांची लोकर खरखरीत, चिकट. मागचे धागे हळूहळू एकमेकांना धरून बसतात. शिवाय त्या गोल विणतात, नळकांड्यासारखं. त्यामुळे नक्षी कायम तोंडासमोर आणि उलट टाक्यांची कटकट नाही. मग पुढून उघडा स्वेटर कसा करायचा? मधोमध सरळ कात्रीने कापायचा. मी मावशीला मोबाइलवर हे कापणं दाखवलं. कात्री तिसऱ्या टाक्यापर्यंत पोचली तशी तिने डोळ्यांवर पदर घेतला.

"बंद कर ते," म्हणाली. "माझ्या घरात नको."

चिकट लोकर नाही आणि कात्री चालवायची छाती नाही, असं असल्याने मी बाळासाठी मऊ अॅक्रिलिक घेऊन सपाट विणायला बसले. सपाट म्हणजे एक सुई सुलट, एक सुई उलट. उलट सुईला दोन्ही धागे तोंडासमोर येतात, नक्षी पलीकडे तोंड करून बसते, आणि आपण मागून अंदाजाने विणत राहायचं. माझं विणकाम सगळं गाडीत. निवृत्तीला एक वर्ष आहे, घरी वेळ नाही. सकाळची डोंबिवलीहून सुटणारी लोकल, लेडीज फर्स्ट क्लास नव्हे, साधा डबा, खिडकी. उजव्या हातात डाळिंबी, डाव्या हातात मोतिया. आमच्या डब्यात मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, हळदीकुंकू होतं, मुलींची लग्नं ठरतात. विणणाऱ्या बाईकडे कुणी ढुंकून बघत नाही. रंगावर मात्र मत प्रत्येकीला आहे. दिव्याला चढलेल्या एका बाईने माझ्या खांद्यावरून बघून "इथे थोडा निळा हवा होता," असं सांगितलं आणि मुंब्र्याला ती दुसऱ्या बाकाकडे सरकली. ती पुन्हा कधी दिसली नाही. तो निळा मात्र महिनाभर माझ्या डोक्यातून जाईना.

केफ फॅसेट नावाचे एक अमेरिकन चित्रकार आहेत. साठच्या दशकात ते स्कॉटलंडला गेले, एका गिरणीत वीस रंगांची लोकर घेऊन बसले आणि लंडनला परतताना आगगाडीत शेजारच्या बाईने त्यांना विणायला शिकवलं. पुढे त्यांनी रंगांची अशी काही उधळण केली की १९८८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. ही गोष्ट लोक फार कौतुकाने सांगतात. मला आश्चर्य वाटतं ते एवढंच की गाडीत बसायला जागा होती.

कारण माझ्या गोष्टीत ठाणं येतं.

ठाण्याला गर्दी आत घुसते आणि तिघींच्या बाकावर चौथी येते. "जरा सरका हं." सरकणार कुठे? मी खिडकीला चिकटते, माझं डावं कोपर गजांत अडकतं, आणि डाव्या हाताने दोरा सुटा ठेवता येत नाही. मग मी धाग्यांची अदलाबदल करायचे. मोतिया उजवीकडे, डाळिंबी डावीकडे. टाके तेच, रंग तेच, नक्षी तीच. काय बिघडणार होतं?

बिघडलं. दोनरंगी विणकामाचं एक गुपित आहे. मागून चालणाऱ्या दोन धाग्यांपैकी एक कायम वरून जातो आणि एक खालून. जो खालून येतो, त्याचा टाका अंमळ मोठा बसतो आणि तो रंग पुढे येतो. वरून येणारा मागे सरतो. फरक केसाएवढा असतो. पण एकदा खालचा वर आणि वरचा खाली झाला, की तीच फुलं एका पट्ट्यात ठळक आणि दुसऱ्यात आजारी दिसतात. मी दररोज डोंबिवली ते ठाणे एका पद्धतीने आणि ठाणे ते सीएसएमटी दुसऱ्या पद्धतीने विणत होते. तीन आठवड्यांनी पाठ पुरी झाली तेव्हा स्वेटरवर मध्य रेल्वेचं वेळापत्रक उमटलं होतं. ठाण्यापर्यंत ठसठशीत, ठाण्यानंतर फिकट. ठाण्यापर्यंत ठसठशीत, ठाण्यानंतर फिकट. मध्येच एक भलामोठा ठळक पट्टा होता. त्या दिवशी पावसाने रूळ पाण्याखाली गेले होते आणि गाडी कळव्याला सव्वा तास उभी होती.

उसवावा का? उसवला असता, पण रंगांच्या बाबतीत माझा पूर्वेतिहास चांगला नाही, आणि आता धीर उरलेला नव्हता. मुलगा लहान असताना मी त्याच्या स्वेटरवर आगगाडी काढायला घेतली होती. अशा मोठ्या चित्राला धागा मागून ओढत नेता येत नाही. प्रत्येक तुकड्याला आपला वेगळा गुंडा लावायचा. इंजिनाला काळा, धुराला राखाडी, प्रत्येक डब्याला निराळा, चाकांना निराळा. जिथे रंग बदलतो तिथे दोन धाग्यांना एकदा पिळा द्यायचा, नाही तर मध्ये उभी फट राहते. एकूण अकरा गुंडे. अकरा गुंड एकाच पिशवीत कोंबले की जे होतं तेच झालं. सुई फिरवली की गुंडे एकमेकांच्या गळ्यात पडत. एक काळा गुंडा घाटकोपरला बाकाखाली सुटला आणि विद्याविहारला कुणाच्या तरी पैंजणात सापडला. ती बाई उतरली आणि इंजिन उसवत तिच्यामागून गेलं. उरलेली गाडी विना इंजिनाची आमच्या कपाटात अजून उभी आहे.

मग बाळाच्या स्वेटरची एक बाही राहिली होती आणि डाळिंबी संपला. मी दुकानात गेले, शेडचा नंबर सांगितला, गुंडा घेतला. घरच्या ट्यूबलाइटखाली अगदी तोच. दुसऱ्या दिवशी गच्चीत नेला तर तो आमसुली. लेबलवर शेडच्या नंबराखाली बारीक अक्षरात लॉट नंबर असतो, तो निराळा होता. रंगाची प्रत्येक खेप वेगळी उकळते, जसा दर वर्षीचा लोणच्याचा खार. ह्यांना हे सांगितल्यावर त्यांना इतका आनंद झाला की काय सांगू. "म्हणजे शाई बदलली!" असं म्हणून त्यांनी मला छपाईतल्या अशा चार दुर्घटना सलग सांगितल्या. त्यावर उपाय असा की जुन्या गुंड्याच्या दोन ओळी, नव्याच्या दोन ओळी, असं मिसळत जायचं, डोळा फसतो. पण जुना उरलेलाच नव्हता. तर एक बाही डाळिंबी झाली आणि एक आमसुली.

असा तो स्वेटर घेऊन मी पुण्याला गेले.

मावशीने चष्मा नाकावर घेतला. स्वेटर उलटला. खिडकीपाशी गेली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "हे पट्टे कसले गं?"

"ठाणं," मी म्हटलं.

"आणि हा मोठा?"

"कळवा. पाऊस."

तिने आणखी काही विचारलं नाही. फक्त मागचे धागे बोटाने चाचपत राहिली. एका ठिकाणी मी चुकून मोतियाच्या जागी डाळिंबी टाका घेतला होता. तो तिने हातशिवणाच्या सुईने, त्याच टाक्यावरून मोतियाचा दोरा फिरवून, टाक्यावर टाका बसवून बुजवला. इतका बेमालूम की मलाही पुन्हा सापडला नाही. "हे खरं तर लबाडीचं आहे," दात मारून दोरा तोडत ती म्हणाली, "पण पुढच्या बाजूची लबाडी चालते."

मग तिने मला कपाटातून मोज्यांचा एक जोड काढून दाखवला. मागे मी मनालीहून तिच्यासाठी आणला होता. लाहौलच्या बायका विणतात तसा, रंगीत पट्ट्यांचा, नक्षीदार. एकोणिसाव्या शतकात केलाँगला मोरावियन मिशनच्या मारिया हाइडे या बाईंनी तिथल्या बायकांना सुयांवर विणायला शिकवलं. पुढे त्यांनी ते असं आपलंसं केलं की आज त्या मोज्यांना भौगोलिक मानांकन आहे. घेताना मी स्टॉलवरच एक मोजा उलटा करून बघितला होता. मोजे विकणारी बाई जराही रागावली नाही. शेजारणीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. तिने मग आपण होऊन दुसरा मोजाही उलटा करून माझ्यापुढे धरला. आतून एक धागा इकडचा तिकडे नव्हता.

"हे दहा वर्षं झाली घालतेय," मावशी म्हणाली. "आत बोट अडकत नाही. बाळाची बोटं केवढी असतात, माहिती आहे ना तुला?"

मी मान हलवली. माहिती होती. विणताना मात्र लक्षात राहिली नव्हती.

स्वेटर नागपूरला कुरिअरने गेला. वन्संचा फोन आला, "पोचला हो, छान आहे." 'छान' आणि 'आहे' यांच्यात त्यांनी जी जागा सोडली, तीत अख्खी आमसुली बाही मावली असती. पुढे चार महिने काही ऐकू आलं नाही. डिसेंबरात नागपूरला चांगली थंडी पडली आणि एका सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो आला. बाळ मांडीवर, तोंडाचं बोळकं उघडं, अंगात माझा स्वेटर.

उलटा.

मागची बाजू पुढे. सगळे धागे बाहेर. माझी मोरी जगासमोर. मी भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं मामी, सुलटा घातला की तिची बोटं आत धाग्यांत अडकतात. आणि आतून गुळगुळीत हवं ना बाळाला! झबल्याची शिवण नाही का आपण बाहेर ठेवत? रागावलीस?"

मी कशाला रागावू? ग्रुपवर बदाम आणि नमस्कार येत होते. एका दिराने 'वारली पॅटर्न?' असं विचारलं. वन्संनी "असाच मला एक विणशील का, पण चिंतामणी रंगात," असं लिहिलं. ह्यांनी फोटो कृष्णधवल करून पुन्हा टाकला; का, ते त्यांनाच माहीत. त्यांच्या मते असा तो जास्त स्पष्ट होता.

मावशीला टाइप करता येत नाही. ती आवाज पाठवते. दुपारी तिचा आवाज आला. आधी बराच वेळ नुसती खरखर होती. बहुधा ती दोन बोटांनी फोटो मोठा करत असावी.

"घातलाय बरोबर," ती म्हणाली. "पण डाव्या खांद्याखाली सात टाके मोकळे सोडलेयस गं. इथून दिसतायत."